घरी कळणार का?

अंबाजोगाईहून पुण्याला शिकायला निघाले तेव्हा आईने लाल तिखटाची एक पुडी दिली होती. स्वयंपाकासाठी नव्हे, पर्समध्ये ठेवायला. पहिल्याच मोठ्या पावसात ती भिजली, तिचा गोळा झाला आणि पर्सचं अस्तर कायमचं लाल झालं. तिचा उपयोग एवढाच.

खरोखर उपयोगी पडलं ते आधीच्या वर्षांच्या मुलींकडून मिळालेलं ज्ञान. कॉलेजच्या माहितीपुस्तकात त्यातलं अक्षरही नव्हतं. डेक्कनवरून पेठेत यायचं तर अंधार पडल्यावर लकडी पुलावरून यायचं, भिडे पुलावरून नाही. भिडे पूल जवळचा पडतो, पण नदीपात्रातल्या त्या रस्त्याला ना घर ना दुकान. हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. (पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पूलच पाण्याखाली जातो, मग तो प्रश्नच मिटतो.) लक्ष्मी रस्त्यावर धक्के लागतात, पण तिथे ओरडता येतं. बंगल्यांची, गर्द झाडांची, शांत गल्ली दिवसा बघायला छान; रात्री तिच्यापेक्षा टिळक रस्त्यामागचा गजबजाट बरा. तिथल्या अभ्यासिका रात्रभर उघड्या असतात आणि एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं-पोरी नको त्या वेळी चहाला खाली उतरलेली असतात. रिक्षाने आलात तर गल्लीच्या तोंडाशी उतरा, राहण्याची इमारत दाखवू नका. बसायच्या आधी नंबराचा फोटो मैत्रिणीला पाठवा, आणि पाठवताय हे रिक्षावाल्याला दिसू द्या.

पुण्यात शिकणाऱ्या मुलींना सर्वांत जास्त सोबत कुणाची झाली असेल तर या अभ्यासिकांची आणि अमृततुल्यांची, असं माझं मत आहे. त्यांना त्याचं श्रेय मात्र कुणी देत नाही. श्रेय घेतात ती फाटकं.

आमच्या वसतिगृहाचं फाटक साडेआठला बंद व्हायचं. ग्रंथालय परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत उघडं असायचं आणि मुलांच्या वसतिगृहाला वेळच नव्हती, म्हणजे ग्रंथालयाचे शेवटचे दीड तास कुणासाठी होते हे उघड आहे. उशीर झाला की रजिस्टरमध्ये शेरा. शेरे साचले की थेट घरी फोन. माझी एक सांगलीची मैत्रीण एकदा बस न मिळाल्यामुळे पावणेनऊला पोचली. आधीचे शेरे होतेच. घरी फोन जाऊ नये म्हणून तिने बेल वाजवलीच नाही. बाहेरूनच मागे फिरली आणि ‘आज मावशीकडे राहते’ असा रेक्टरबाईंना मेसेज टाकून स्वारगेटच्या स्टँडवर पहाटेपर्यंत बसून राहिली. मावशी वगैरे कुणी नव्हती. रजिस्टरप्रमाणे ती रात्र बिनधोक गेली. दिल्लीत मुलींनी २०१५ साली वसतिगृहांच्या या वेळांविरुद्ध ‘पिंजरा तोड’ नावाने मोहीम सुरू केली, तेव्हा आपल्याकडे तिच्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ होते. त्यांनी एक रात्र स्वारगेटला काढून बघावी.

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात माझ्या मागे एक मुलगा लागला.

तो आमच्या कॉलेजचा नव्हता. संध्याकाळी मैदानावर सरावाला बाहेरची मुलं यायची, त्यांच्यातला. आधी झेरॉक्सच्या दुकानापाशी दिसायचा, मग कॅन्टीनच्या पायऱ्यांवर, मग वसतिगृहाच्या वळणावर. काही बोलायचा नाही. तक्रार तरी काय करणार, एक माणूस रस्त्यावर उभा असतो अशी? मग एके दिवशी बाजूने जाताना हळूच म्हणाला, “अंबाजोगाईची ना?” त्यानंतर इन्स्टाग्रामवर निरोप यायला लागले. एक खातं बंद केलं की दुसऱ्या नावाने.

माझ्या खोलीतली मुलगी विधी शाखेची. पहिल्याच वर्षाला होती, पण हुशार. तिने मला काही पुसू दिलं नाही. सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊन ते तिच्या मेलवर टाकले, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानांवर तारीख, वेळ, जागा, सोबत कोण होतं हे लिहायला लावलं. आणखी एक गोष्ट तिने करून घेतली, जी मला एरवी सुचली नसती. ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही, पुन्हा संपर्क करू नका,’ असा एकच निरोप पाठवायला सांगितला आणि मग कितीही चिथावलं तरी उत्तर नाही. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ साली दंड संहितेत आला, कलम ३५४-ड. आता भारतीय न्याय संहितेत तो ७८व्या कलमात आहे. त्यात बाईने नाराजी स्पष्ट दाखवल्यानंतरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा मुद्दा आहे. गप्प राहून नाराजी दाखवली असं आपल्याला वाटतं, पण लेखी असलेलं बरं.

हे सगळं चाललं असताना घरी रोज रात्री फोन व्हायचा. काय जेवलीस, अभ्यास कसा चाललाय. अण्णा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त चालक. त्यांना सांगितलं असतं तर ते रात्रीच्या गाडीने आले असते, त्या मुलाला धरलं असतं आणि परत जाताना मलाही घेऊन गेले असते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला हव्या होत्या. माझ्या चुलत बहिणीचं लातूरला असंच झालं होतं. कॉलेजच्या वाटेवर कुणी तरी त्रास दिला, तिने विश्वासाने घरी सांगितलं आणि वर्ष संपायच्या आत तिचं लग्न लागलं. त्या लग्नात मी जेवले होते. त्यामुळे त्या मुलाची भीती वाटायची ती संध्याकाळी दोन तास, आणि घरी कळण्याची दिवसभर. आमच्या मजल्यावरच्या बहुतेक मुलींचं गणित हेच होतं. त्रास झाला की आधी तो लपवायचा, मग जमलं तर थांबवायचा.

तरी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाबूंनी ऐकून घेतलं, तुटकपणे नव्हे, चांगलं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “तो आपला विद्यार्थी नाही, तुम्ही पोलिसांत जा. आणि आधी पालकांना घेऊन या.” दोन वाक्यांत दोन्ही दारं लागली.

बाहेर जिन्यात एम.एस्सी.ची एक ताई भेटली. ती अंतर्गत तक्रार समितीवर विद्यार्थ्यांची प्रतिनिधी होती. असं काही पद असतं हेच मला ठाऊक नव्हतं. यूजीसीची २०१५ची नियमावली तिने फोनवर उघडून दाखवली. कॅम्पसवर दुसऱ्या कामासाठी येणाऱ्या बाहेरच्या माणसाने त्रास दिला तरी तो समितीच्या कक्षेत येतो. वसतिगृह, मैदान, कॅन्टीन, कॉलेजची बस हे सगळं कॅम्पसच. तक्रार लेखी द्यायची, प्रसंगापासून तीन महिन्यांच्या आत, अडचण असेल तर मुदत वाढते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. नावं गुप्त ठेवायची. “बाबूंनी हे वाचलेलं नसतं,” ती म्हणाली, “त्यांना वाचायला कुणी सांगितलेलंच नसतं.”

समितीच्या अध्यक्ष भौतिकशास्त्राच्या मॅडम होत्या. वर्गात कडक. मी जर्नल पुढे ठेवलं, त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, “घरी सांगितलंयस?”

“नाही.”

“वय काय तुझं?”

“एकोणीस सुरू आहे.”

“मग घरी कधी सांगायचं ते तू ठरव. आम्ही फोन करणार नाही.”

तोपर्यंत मी खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते. नंतर नीट बसून सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता.

पुढचं फार नाट्यमय नाही. मैदानावर येणाऱ्यांना नोंदणी आणि पास सुरू झाला, त्याला मनाई झाली. माझी प्रॅक्टिकलची बॅच सकाळची करून दिली. मॅडम माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. तिथल्या महिला उपनिरीक्षकांनी गुन्हा नोंदवायचा की आधी बोलावून घ्यायचं, हे मलाच विचारलं. मी बोलवा म्हटलं. तो मोठ्या भावाबरोबर आला. भाऊ मान खाली घालून उभा होता आणि हा इतका साधा, शाळकरी दिसत होता की मला दया येण्याऐवजी रागच आला. एवढ्याशा पोराने माझी दोन-तीन महिन्यांची झोप खाल्ली होती. त्याच्याकडून लिहून घेतलं. निरोप थांबले. पोलिसांच्या दामिनी पथकाच्या दोघी दुचाकीवरून संध्याकाळी फाटकाशी चक्कर मारायच्या, ते काही आठवडे चाललं. प्रत्येकीच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, हे मला त्याच वर्षी कळायचं होतं.

वर्ष संपल्यावर मी वसतिगृह सोडलं आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला गेले. २७ जून २०२३ला सकाळी त्याच पेठेत, भर रस्त्यात, नकाराच्या रागातून एका मुलाने कोयता घेऊन एका विद्यार्थिनीचा पाठलाग केला. ती वाचली, कारण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे मधे पडला, त्याने कोयत्याचा हात धरला आणि मग बाकीचे धावले. जवळच्या चौकीत त्या वेळी पोलीस नव्हते, त्यावरून पुढे निलंबनंही झाली. चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. तिच्यात पळणारी मुलगी आणि आधी नुसते बघणारे लोक, दोन्ही दिसत होतं. अभ्यासिकांच्या गल्ल्यांवरचा माझा विश्वास त्या दिवशी हलला. गर्दी असणं आणि गर्दीतून कुणी तरी पुढे येणं या दोन गोष्टी आहेत. तरी तो पुढे आलेला त्याच गर्दीतला, हेही खरंच.

अण्णांचा फोन डेपोतूनच आला. “सामान बांध, मी येतो.” मी म्हटलं, थांबा, आधी ऐका, आणि मग मैदानापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळं सांगितलं. पलीकडे डेपोतले आवाज येत राहिले. शेवटी ते म्हणाले, “एवढं समदं झालं आन् आमाला पत्ता न्हाई.” मी म्हटलं, पत्ता लागला असता तर मी आज इथे नसते. त्यावर ते भांडले नाहीत. त्या मॅडमचं नाव विचारून घेतलं. सीताफळांच्या दिवसांत त्यांनी मॅडमसाठी करंडी पाठवली. मॅडम म्हणाल्या, तक्रारदाराकडून मला काही घेता येत नाही. ती आम्ही खोलीत संपवली.

तिसऱ्या वर्षी समितीवर पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मी निवडून आले. कामाचा मोठा भाग म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलींच्या एकाच प्रश्नाला उत्तर देणं: घरी कळणार का? काय घडलं ते त्यानंतर सांगतात. समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर कार्यालयाशेजारच्या फलकावर होते, पण तिथे उभं राहून ते वाचणारी मुलगी अख्ख्या पोर्चला दिसते. म्हणून आम्ही तोच कागद, खाली ११२ लिहून, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारांना आतून लावला. टाइल्स खराब होतात म्हणून कार्यालयाने हरकत घेतली; मग लॅमिनेट करून तारेने कडीला बांधला.

बांधताना सफाईच्या मावशी बघत होत्या. काय लिहिलंय विचारलं, वाचून दाखवलं. “आमाला चालतंय का हे?” म्हणाल्या. चालतं, कायदा कंत्राटावरच्या बायकांनाही लागू आहे. त्यांनी फोन काढून नंबर घालून घेतला आणि मग विचारलं, “ठेकेदाराला कळंल का?”

नावं गुप्त राहतात हे मला पाठ होतं. पण पुढे चौकशीत ठेकेदारालाच बोलवायची वेळ आली तर त्याला न कळता ते कसं होणार, हे नियमावलीत मला सापडेना. मावशींना उद्या सांगते म्हटलं आणि मॅडमचा तास संपायची वाट बघत वर्गाबाहेर थांबले.