कुठं बंद पडला?

आमच्या घरात टेप बंद पडला की पहिला प्रश्न असायचा, "कुठं बंद पडला? दौंडला की शिरूरला?" बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटेल; बंद तो बंद. पण अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं होतं की दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मुका झालेला टेप आणि शिरूरकडे मामाच्या वस्तीवर मुका झालेला टेप, ही दोन वेगळी दुखणी. दौंडला बंद पडला तर दोष टेपमध्ये. शिरूरकडे बंद पडला तर तो आधी टेपच्या बाहेर शोधायचा. अण्णा रेल्वेत फिटर होते, त्यामुळं कुठल्याही बंद यंत्राकडे ते रागानं न बघता क्रमानं बघत.

टेप म्हणजे टू-इन-वन. 1985 च्या आसपास चुलत्यांनी मस्कतहून आणलेला. दोन बाजूंना दोन स्पीकर, वर धरायला दांडा, मागं सहा मोठे सेल बसतील असा कप्पा आणि त्याशेजारी 110 आणि 220 अशी बारकी सरकपट्टी. ती 110 वर राहिली आणि वायर भिंतीत खोचली की धूर निघणार, म्हणून अण्णांनी पहिल्याच दिवशी ती 220 वर सरकवून वरून चिकटपट्टी मारली. पुढं कितीही दुरुस्त्या झाल्या तरी त्या पट्टीला कुणी हात लावला नाही.

या टेपला चालू-बंदचं बटणच नव्हतं. समोर एक सरकतं बटण, एका टोकाला रेडिओ, दुसऱ्या टोकाला टेप. बटण टेपकडे आणि प्लेची कळ वर, म्हणजे टेप बंद. कळ दाबली की आत पितळेच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि करंट पुढं जातो. त्या काळातल्या बऱ्याच सेटांची हीच तऱ्हा होती आणि घरी आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "हा ऑन कुठनं करायचा?" पण बिघाड शोधायला ही रचना फार सोयीची. रेडिओ लागतो आणि टेप लागत नाही, तर त्या पितळी पट्ट्यांवर काजळी धरली आहे. पेट्रोलचा बोळा फिरवा. दोन्ही लागत नाही, तर करंटच आत येत नाही. मग वायरीपासून सुरुवात करा. अर्धं निदान स्क्रू न काढता व्हायचं.

दौंडच्या कॉलनीत लाइट सहसा जात नसे. टेप कायम वायरीवर, कपाटावर. संध्याकाळी आकाशवाणी पुणे, सुट्टीच्या दिवशी गीतरामायणाच्या कॅसेटी. गीतरामायण 1955 साली पुणे केंद्रावरून सुरू झालं तेव्हा अण्णा शाळेत होते. ते त्यांनी गावातल्या एकुलत्या एका व्हॉल्व्हच्या रेडिओभोवती बसून ऐकलेलं. तो रेडिओ तापायलाच मिनिटभर घ्यायचा, त्यामुळं बटण फिरवून लगेच आवाज आला नाही तर तो बिघडला असं कुणी म्हणत नसे. आमच्या पिढीला तेवढाही धीर नव्हता, असं ते टोचून ऐकवायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत टेप आमच्याबरोबर मामाकडे यायचा. दौंडहून पाटस, चौफुला, केडगाव, मग पारगावला भीमा ओलांडून न्हावरे. एसटीत टेप आईच्या मांडीवर आणि मी उभा. चौफुल्याला गाडी थांबली की कला केंद्रांचे बोर्ड दिसायचे आणि आई उगाचच दुसरीकडे बघायची. मामाच्या कॅसेटी मात्र त्याच वाटेवरच्या: वगनाट्यं, प्रल्हाद शिंदे आणि रांजणगावच्या देवळाबाहेर मिळणारी गणपतीची गाणी. फिलिप्सनं 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली. तिला न्हावऱ्याच्या गुऱ्हाळापर्यंत यायला वीसेक वर्षं लागली, पण आली ती थेट चुलवणाशेजारी येऊन बसली.

वस्तीवर वीज नव्हती, म्हणजे खांब होते, तारा विहिरीवरच्या मोटरीपर्यंत होत्या, घरात नव्हत्या. तिथं टेप सेलवर. सहा सेल म्हणजे नऊ व्होल्ट, पण ते नवे असेपर्यंत. उतरलेला सेल सव्वा व्होल्टावर आला तरी बॅटरीचा बल्ब मिणमिणतो, रेडिओही बोलतो. टेपची मोटर मात्र तेवढ्यावर ओढत नाही. आधी गाणाऱ्या बाईचा आवाज पुरुषी व्हायचा, मग रेड्यासारखा, मग कॅसेट थांबायची. मामा सेल काढून पत्र्यावर उन्हात वाळवायचा. तापल्यावर आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते आणि एखाददुसरं गाणं वाजतं, हे खरं आहे. त्यात अंधश्रद्धा काही नाही. पूर्ण मेलेला सेल आम्ही पोरं दगडानं फोडायचो आणि मधली काळी कांडी काढून ओट्यावर रेघोट्या मारायचो.

खरा घात मात्र विसरलेल्या सेलांचा. साध्या सेलचं जस्ताचं डबडं हे नुसतं भांडं नसतं, वीज देण्याच्या कामात तेच झिजत असतं. सेल संपत आला की भांड्यालाच भोकं पडतात, आतला क्षार पाझरतो आणि कप्प्यातल्या स्प्रिंगा खातो. एका दिवाळीत टेप मामाकडेच राहिला होता. संक्रांतीला मामानं निरोप धाडला, "नवं सेल घातलं तरी गप हाय."

शिरूरच्या बाजारपेठेतला रेडिओवाला पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलेला होता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून 1983 साली पाबळला ती संस्था काढली. शाळेत न रमलेल्या पोरांनी हातानं काम करत शिकावं, ही तिथली रीत. या माणसाकडे बघितलं की ती रीत कळायची. त्यानं टेप हातात घेतला, हलवला, कानाला लावला. मग विचारलं, "सेल कधी बदललं? घालताना कुठल्या बाजूनं घातलं?" कप्प्याचं झाकण काढल्यावर दोन स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी भुकटी फुललेली दिसली. पाण्यात खायचा सोडा कालवून त्यानं जुन्या टूथब्रशनं ती घासली, फडक्यानं कोरडी केली, पॉलिशपेपर फिरवला. एक स्प्रिंग चिमट्यात धरताच तुटली. त्यानं ड्रॉवरमधून तशीच दुसरी शोधली, बुडाशी डाग दिला, मीटर लावून आधी एकेका सेलचे आणि मग सहांचे मिळून व्होल्ट बघितले. काटा नवाजवळ गेल्यावरच प्लेची कळ दाबली. तोवर त्यानं टेप उघडलाच नव्हता. मामाला ते पटेना, पैसे देताना म्हणाला, "आरं, आत तर तू बघितलंच न्हाईस!" रेडिओवाला म्हणाला, "आत बघायला लागू नये म्हणूनच बाहेर बघितलं."

पुढं वस्तीच्या घरात लाइट आली आणि दुखण्याचा प्रकार बदलला. 2005 च्या सुमारास लोडशेडिंगनं कळस गाठला. तेव्हा मी नोकरीला पुण्यात होतो, अण्णा निवृत्त होऊन टेपसकट न्हावऱ्याकडे राहायला गेले होते. मला फोन येई, "लाइट गेली की टेप बंद होतो, सेल टाकलेत तरी!" याचं कारण वायरीच्या भोकात असतं. वायर टेपात खोचली की आतली एक पट्टी ढकलली जाते आणि सेलची वाट तुटते, म्हणजे दोन्हीकडून एकदम करंट येऊ नये. भिंतीत वीज आहे का नाही, हे त्या पट्टीला कळत नाही. म्हणून लाइट गेल्यावर पिन भिंतीतून नाही, टेपातून उपटायची. इतकी साधी गोष्ट, पण शेजारपाजारच्या किती सेटांचं 'आतून काहीतरी गेलंय' या एवढ्यानं बरं झालं! आणि कधी उलटंही व्हायचं: वायर उपटली तरी ती पट्टी अडकून बसायची, मग पिन दोन-चार वेळा आतबाहेर केली की सुटायची.

सिंगल फेजवर घरचे दिवे लागायचे, मोटरी बंद राहाव्यात अशी अपेक्षा असायची. पण कंडेन्सर लावून मोटर ओढणारे सगळ्या गावांत होते. चार जणांनी मोटरी टाकल्या की टेपमधला गायक पेंगायला लागायचा. अण्णा बसल्या जागी सांगायचे, कुणाच्या उसाला पाणी सुरू झालं.

मग एका वळवाच्या रात्री खांबावरची न्यूट्रल तुटली. न्यूट्रल तुटली की घराघरांतल्या दाबाचं वाटप बिघडतं आणि एखाद्या घरात 230 च्या जागी चारशेकडे झुकणारा दाब शिरतो. बल्ब फुटले, दोन घरांतले टीव्ही गेले, आणि टेप वायरीवर कायमचा बंद झाला. सेलवर चालू होता, म्हणजे दुखणं पुन्हा सरळ समोर. पिनेच्या दोन टोकांना मीटर लावला तर काटा हललाच नाही. वायर बदलून बघितली, तरी तेच. ट्रान्सफॉर्मरचं पहिलं वेटोळं तुटलेलं. अशा छोट्या ट्रान्सफॉर्मरांत कधी कधी पिवळ्या पट्टीखाली एक बारका फ्यूज दडवलेला असतो, गरम झाला की उडणारा. काही कारागीर तो जोडून ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालवतात. मला ते अजिबात पसंत नाही. पुढच्या वेळी जळायला मग घरच उरतं. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन नवा ट्रान्सफॉर्मर आणला. दुकानदारानं जुना हातात घेऊन नुसतं वजन केलं आणि तशाच ताकदीचा काढून दिला.

आता टेप मामेभावाच्या गुऱ्हाळावर आहे. त्याचा मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीत आहे, त्याचा ब्लूटूथ स्पीकर मध्यंतरी असाच चालू होईना. त्याला स्क्रूच नाही. आतला लिथियमचा सेल पार खाली गेला की त्याचं संरक्षण सर्किट वाट बंद करतं. अर्धा तास चार्जरवर ठेवून बटण दाबून धरलं तेव्हा उठला. मुलाला ते यूट्यूबवर सापडलं. मला काही करायला मिळालं नाही.

म्हणून मामेभावानं मला टेपवर बसवलं. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गरम होतोय म्हणून त्यानं बाहेरचा नऊ व्होल्टांचा अडॅप्टर शोधून ठेवला होता. टोक भोकात चपखल बसत होतं. पण भोकाशेजारी छापलेल्या चित्रात मधल्या टाचणीला उणे होतं, जुन्या जपानी सेटांत असतं तसं, आणि अडॅप्टरच्या मध्ये अधिक.

"बसतंय की!" तो म्हणाला.

"बसतंय. पण उलटं."

वायर मध्ये कापून दोन्ही टोकं अदलाबदल करून डाग दिला, वरून चिकटपट्टी गुंडाळली. रेडिओ लागला. कॅसेट घातली तर मोटरचा आवाज नुसता येतो, चाक फिरत नाही; आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालाय. पट्टे तपकीर गल्लीत मिळतात, म्हटलं आणीन पुढच्या वेळी. मामेभाऊ म्हणाला, पट्टा आणशील तेव्हा कॅसेटीही बघ, त्याच्याकडे एकच उरली आहे आणि तीही कीर्तनाची.