मावशीने पाहिलेलं ‘कोर्ट’

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ एप्रिल २०१५मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या खेळानंतर माझं परीक्षण डोक्यात लिहून तयार होतं. व्हेनिसचा पुरस्कार, सुवर्णकमळ, जागचा न हलणारा कॅमेरा, लांबलचक दृश्यं. सगळं बरोबर होतं, पण त्यात माझं असं काहीच नव्हतं. दुसऱ्या खेळाला मी मावशीला घेऊन गेलो. तिची सगळी नोकरी न्यायालयात लघुलेखक म्हणून गेली.

कथा साधी आहे. गटारात उतरून काम करणारा एक कामगार मरतो आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त करणारं गाणं म्हटलं, असा आरोप लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर येतो. ही भूमिका वीरा साथीदार यांची. मी त्यांचा चेहरा पाहत होतो, वकिलांची जुगलबंदी ऐकत होतो. मावशीचं लक्ष मात्र न्यायाधीशांसमोर बसून टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीकडे होतं.

“साक्षीदार काय बोलतो आणि साहेब काय सांगतात, दोन्ही नीट ऐक,” ती कुजबुजली.

मग मला ऐकू येऊ लागलं. साक्षीदार आपल्या भाषेत, अडखळत बोलतो. न्यायाधीश ते ऐकतात आणि आटोपशीर इंग्रजीत मजकूर सांगतात. नोंद होते ती त्या मजकुराची. मृत कामगाराची बायको साक्षीला येते. गटारात उतरण्याआधी तो झुरळ बाहेर येतंय का, ते बघायचा. आलं तर आत हवा आहे असं समजायचा. मावशी म्हणाली, “यातलं कागदावर किती उरतं, ते मला माहीत आहे रे. बाईचा आवाज कधीच टाइप होत नाही.”

त्या रात्री मी माझी जुनी परीक्षणं काढून वाचली. ‘संयत अभिनय’, ‘प्रभावी छायाचित्रण’, ‘अंतर्मुख करणारा शेवट’. कलाकृती साक्ष देत होती आणि मी तिचा आटोपशीर मजकूर सांगत होतो. समीक्षेत नवी दृष्टी म्हणजे नवं मत, असं मी इतकी वर्षं समजत आलो. खरं तर मत फार उशिरा यायला हवं. आधी साक्ष पुरती ऐकायची. आपल्याला ती ऐकू येत नसेल, तर ज्याचे हात त्या कामात झिजलेत त्याच्या शेजारी जाऊन बसायचं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. वहीच्या पहिल्या पानावर फक्त दिसलेलं आणि ऐकू आलेलं उतरवतो. त्या पानावर एकही विशेषण चालत नाही. आणि एखाद्या जाणत्या माणसाला विचारतो, तुम्हाला काय दिसलं? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. त्याच शाळेत शिकणारा जब्या थबकतो, घरचेही उभे राहतात, डुक्कर निसटतं. मी त्या प्रसंगातल्या विसंगतीवर लिहिलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण म्हणाली, “पहिला थांबतो तो जब्या. शाळा त्याच्या अंगात किती मुरलीय बघ.” पुढे त्याच शाळेतल्या पोरांच्या डोळ्यांदेखत त्याला डुक्कर वाहून न्यावं लागतं, ते दृश्य मला त्यानंतर अधिकच जड गेलं.

‘कोर्ट’च्या शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. दालनातले दिवे मालवले जातात, पडदा काळोखा होतो आणि काळोखाच राहतो. प्रेक्षक उठू लागले, पहिल्या खेळाप्रमाणे मीही उठलो. मावशीने मनगट धरून मला खाली बसवलं.

“बस. अजून आहे.”

चित्रपट खरंच पुढे होता. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असतात, मुलं ओरडून त्यांना दचकवतात आणि ते हाताशी सापडलेल्या एका पोराला थोबाडीत मारतात.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “तुला कसं कळलं, संपलं नाही म्हणून?”

“दिवे गेले की लोक घरी जातात,” ती म्हणाली. “माझं निम्मं काम तिथून पुढे असायचं.”