पद आणि पात्र : रामदास कामत यांची नाट्यगायकी

संगीत नाटकातील पद म्हणजे गद्य संवाद जिथे अपुरा पडतो तिथे पात्राच्या तोंडी येणारे गाणे, अशी साधी व्याख्या केली, तर नाट्यगायकाची खरी कसोटी मैफलीच्या गायकाहून वेगळी ठरते. कारण राग, ताल आणि शब्द सांभाळत असताना अंगावर चढवलेली भूमिका त्याला क्षणभरही उतरवून ठेवता येत नाही. या कसोटीला उतरलेल्या गायक-नटांत रामदास कामत यांचे स्थान वरचे आहे. 1931 साली गोव्यातील म्हापशात जन्मलेल्या कामतांनी एअर इंडियातील नोकरी सांभाळून रंगभूमीची सेवा केली आणि त्यांच्या कारकिर्दीचे दोन महत्त्वाचे टप्पे नाशिकच्या लेखणीतून उतरलेल्या नाटकांनी घडवले.

नाशिकच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ 1964 साली रंगमंचावर आले, तर कुसुमाग्रजांचे ‘ययाति आणि देवयानी’ 1966 साली. दोन्हींची निर्मिती धि गोवा हिंदु असोसिएशनची आणि संगीत जितेंद्र अभिषेकींचे. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून बहरलेल्या परंपरेत पदांची संख्या आणि ‘वन्स मोअर’ यांमुळे प्रयोग रात्रभर लांबत. अभिषेकींनी पदे मोजकी व आटोपशीर ठेवली, रागाचा विस्तार प्रसंगाच्या गरजेपुरताच केला. मात्र या आटोपशीरपणाने गायकाचे काम सोपे केले नाही, उलट अवघड केले, कारण चार आवर्तनांत, म्हणजे तालाच्या चार पूर्ण फेऱ्यांत, जे सांगायचे ते सांगून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, निर्विवाद यावे लागे.

‘मत्स्यगंधा’तील पराशराची भूमिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तपस्वी असूनही कोळ्याच्या मुलीवर भाळणारा आणि पुढे हिमालयाच्या ओढीने तिच्यापासून दूर जाणारा हा ऋषी कामतांनी एकाच गळ्यातून उभा केला. प्रणयाच्या पदांत स्वर लडिवाळपणे वळतो, तर विरक्तीच्या पदात तोच वरच्या सप्तकात सरळ, ठाम उभा राहतो, आणि दोन्हीकडे शब्दातील एकही व्यंजन तानेखाली चिरडले जात नाही. येथे तंत्राची एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे: पदाआधीच्या संवादाचे शेवटचे वाक्य नटाने आधारस्वराच्या जवळ आणून सोडले, तर ऑर्गनच्या सुरावर पद अलगद उमलते, ते जमले नाही, तर पात्र बोलायचे थांबले आणि गायक गाऊ लागला, ही फट प्रेक्षकाला लगेच जाणवते.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2009 साली बीडच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद हे कामतांच्या वाट्याला आलेले मान. 8 जानेवारी 2022 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची पदे आज सुगम संगीताच्या स्पर्धांत सर्रास गायली जातात, परंतु तिथे बहुधा चालच तेवढी उचललेली असते. नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वसाहतीत पेटीसमोर बसून ही पदे घोटणाऱ्या विद्यार्थ्याला तर दोन्ही नाटककार आपल्याच गावचे. तेव्हा त्याने पद बसवण्याआधी मूळ नाटक वाचावे, पदाच्या आधीचा आणि नंतरचा संवाद पाठ करावा, आणि मगच सूर लावावा.