आमचे फिरते मचाण

चार माणसांहून थोडे उंच बसण्याची हौस मनुष्यास उपजतच असावी. राजास सिंहासन लागते, न्यायाधीशास उच्चासन लागते, आणि आम्हां प्राध्यापकांस तर वीतभर उंचीच्या लाकडी चौथऱ्यावाचून तोंडच फुटत नाही. त्या चौथऱ्यावर तीस वर्षे काढल्यावर आम्हांस अधिक उंचीचा मोह झाला, आणि गेल्या माघात आम्ही एक मचाण बांधले. तेही साधेसुधे नव्हे. मोडून खांद्यावरून नेता येईल व हवे तेथे पुन्हा उभे करता येईल असे फिरते मचाण.

मचाण म्हटले की शिकार आठवते; पण आपल्याकडे तिचे दिवस सरले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. जुन्या शिकाऱ्याचे मचाण म्हणजे पुष्कळदा खेड्यातली एखादी बाजच असे. ती दोघांनी डोक्यावरून न्यावी, झाडाच्या फांद्यांत दोरांनी आवळावी, भोवती पाला खोचावा, की काम झाले. अमेरिकेत हरणाची शिकार परवान्याने आजही चालते, आणि सुटे भाग जोडून उभारावयाच्या उंच बैठका तेथे दुकानात विकत मिळतात. त्यांची चित्रे पाहूनच आमच्या डोक्यात हे खूळ शिरले. मात्र आम्हांस हरणे मारावयाची नव्हती, पाहावयाची होती. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाच्या कडेला एका परिचित शेतकऱ्याचे हरभऱ्याचे शेत आहे. तेथे चितळांचे कळप येतात. पण बाज बांधण्याजोगे झाड मात्र बांधावर एकही नाही. तेव्हा मचाणाला स्वतःचे पाय असणे प्राप्त होते.

पायांसाठी मानवेल बांबू घेतले. हा बांबू बराचसा भरीव असल्याने वजन पेलतो. आम्ही मोठ्या उत्साहाने पहिला खिळा ठोकला आणि बांबू उभा चिरला! शेजारचा बुरूड हे पाहून पोटभर हसला आणि मग त्याने आम्हांस शिकविले की, बांबूस खिळा कधी मारू नये. गाठीजवळ गिरमिटाने भोक पाडावे, त्यात बोल्ट घालावा आणि वरून दोरीने आवळावे. त्याप्रमाणे बारा फुटांचे चार पाय खाली फाकवून उभे केले, त्यांना तिरके आधार दिले, वर चार फूट लांब व तीन फूट रुंद अशी बैठक बसविली आणि शिडी वेगळी ठेवली. सगळे सुटे केले की दोन माणसांचे ओझे.

मचाण फिरते हवे ते वाऱ्यासाठी. हरणाचे खरे डोळे त्याच्या नाकात असतात. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहू लागला की सर्व खटाटोप व्यर्थ. उंचीचा लाभ असा की, आपला वास बराचसा वरच्यावर निघून जातो. रंगाचीही एक गंमत आहे. हरणांस तांबडा व हिरवा यांतील भेद फारसा कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून आमची आवडती निळी शाल घरीच राहिली आणि बैठकीभोवती गोणपाट बांधले.

त्या रात्री शेतकऱ्यास शेजारच्या गावी एका मयतीस जावे लागले. राखण आमच्याकडे आली. एक रिकामा डबा व काठी हाती देऊन तो म्हणाला, “आले की वाजवजा जी, सर. बाकी काही नाही.”

पहाटे तीनच्या सुमारास ती आली. आम्ही चौदा मोजली. चांदण्यात अंगावरचे ठिपके विरून गेले होते. एका नराच्या शिंगांवर अजून मखमल होती. घाटे तुटल्याचा बारीक आवाज वरपर्यंत येत होता. काठी आमच्या हातात होती. एक क्षण पाहू आणि मग वाजवू, असे आम्ही किती वेळा म्हटले ते सांगवत नाही. आश्रमातील मृगावर बाण रोखणाऱ्या दुष्यंतास तापसांनी थांबविले ते आठवले, आणि आपण दुष्यंत नाही याचे आम्हांस समाधानही वाटले. पण त्याच कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात उसाच्या सावलीत बसून साळीची राखण करणाऱ्या स्त्रिया रंगविल्या आहेत, हे मात्र त्या वेळी सोयीस्करपणे आठवले नाही. अर्ध्या-पाऊण तासाने वारा फिरला. एका मादीने पाय आपटला, तीक्ष्ण आवाज दिला आणि कळप नाहीसा झाला. आमच्या हाताने जे केले नाही ते आमच्या वासाने केले.

उजाडता शेतकरी आला. पाचसहा ओळींची बोडकी झाडे पाहत तो मुकाट्याने बांधापर्यंत गेला आणि परत येऊन म्हणाला, “डोळा लागला होता का जी, सर?”

आम्ही म्हणालो, “हो.”

“लागते जी. पहाटेचा लागतेच.”

आम्ही नुकसानीचे पैसे देऊ केले. तो हसला. “राहू द्या. त्यांनी खाल्लं, तुम्ही थोडंच खाल्लं?” सरकारी भरपाई मिळते, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि एकदोन दिवसांची मजुरी बुडणे आले, एवढ्यासाठी कोण जातो, असे तो म्हणाला. झोपेसाठी त्याने आम्हांस क्षमा केली. आम्ही जागे होतो, आणि त्याचे पीक त्याच्यासाठी नव्हे, तर आमच्या डोळ्यांच्या सुखासाठी खर्ची घातले, हे त्यास ठाऊक असते तर त्याने काय म्हटले असते, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही. शिकाऱ्यास आम्ही निर्दय म्हणतो. पण तो निदान आपल्या बंदुकीच्या आवाजाने आपण काय केले ते जगास कळवीत असे.

मचाण आम्ही तेथेच ठेवून आलो. त्याचे स्वतःचे मचाण शेताच्या एकाच कोपऱ्यात रोवलेले आहे आणि कळप तर रोज नवी बाजू धरतो. त्यास हे फिरते अधिक उपयोगी. देणगी दिल्याचा मोठेपणा मात्र आम्हांस घेता येत नाही. खरे सांगावयाचे अजून राहिले आहे. बारा फुटांवरून खाली उतरण्यास शिडी पुरली. उरलेली उतरण तिच्याहून अवघड आहे, आणि पुढच्या हरभऱ्यापूर्वी ती उतरावयाचीच असे आम्ही ठरविले आहे.