ब्रह्माला नाव ठाऊक असते का?

शंकराचार्य आणि रोमन कॅथलिक पाद्री ही जोडी एका दमात उच्चारली, की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. आमच्या वाशीमला तर अधिकच. गाव जुने; वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, ती हीच. गावाचे दैवत बालाजी. जवळच कारंजा, नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. आषाढीच्या आधी शेगावची पालखी आमच्याच मुलखातून पंढरपूरकडे जाते. अशा ठिकाणी सगुण देवाची टंचाई कधी पडत नाही. निर्गुण मात्र ठेवणीतल्या शालूसारखे. असते, पण पेटीत असते.

आमच्या घरी ते अण्णांच्या कपाटात होते. अण्णा वकील. कोर्टाची कामे उरकली की रात्री कंदिलाशी शांकरभाष्य घेऊन बसत. आई पहाटे बालाजीला जाई. ‘मूर्ती म्हणजे पहिली इयत्ता,’ असे अण्णा तिला हसत म्हणत, आणि ‘मला आपली नापासच राहू द्या,’ असे म्हणून ती तुळशीला पाणी घालायला निघून जाई. हा संवाद आम्ही मुलांनी इतक्या वेळा ऐकला, की आम्हाला तो पाठ होता.

१९७८ साली अण्णा गेले. पाहुणे पांगल्यावर एका दुपारी तांदूळ निवडता निवडता आई मला म्हणाली, ‘काय रे, तुमच्या त्या ब्रह्माला ह्यांचं नाव तरी ठाऊक असेल का?’

लग्नातला उखाणा सोडला तर जिने आयुष्यात नवऱ्याचे नाव तोंडातून काढले नव्हते, ती हे विचारीत होती! मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. उत्तर मला यायला हवे होते. पुस्तकी उत्तर येतही होते: निर्गुण ब्रह्म कर्ता नाही, भोक्ता नाही, ते कोणाला ओळखीत नाही, ओळखतो तो ईश्वर, आणि ईश्वर हे मायेच्या उपाधीने झालेले रूप. पण नुकतेच कुंकू पुसलेल्या बाईला हे सांगायचे कसे? मी पाणी प्यायला उठलो.

पुढे वाचनालयात वाडेकरांनी संपादिलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ हाती आला. १९७४ साली निघालेले ते तीन जाडजूड खंड चाळताना एका परदेशी लेखकाचे नाव दिसले: द स्मेट. चौकशी केली तेव्हा कळले, की हे गृहस्थ पुण्याचेच. म्हणजे जन्माने बेल्जियन, पण पुण्यात मुरलेले. तेव्हापासून त्यांच्या लिखाणाच्या मागे लागलो.

रिचर्ड द स्मेट यांचा जन्म १९१६ चा. जेझुइट संघात शिरून ते १९४६ साली हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले, आणि १९५३ साली रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. नंतरची बहुतेक हयात नगर रस्त्यावरच्या डी नोबिली कॉलेजात शिकवण्यात गेली. (ज्या डी नोबिलींचे नाव त्या कॉलेजाला आहे, ते सतराव्या शतकात मदुरेला संन्याशाच्या वेषात राहून संस्कृत शिकलेले इटालियन पाद्री.) १९६४ साली द स्मेट आणि त्यांचे सहकारी नॉयनर यांनी हिंदू धर्मावर ‘रिलिजस हिंदुइझम’ हा ग्रंथ संपादित करून काढला. त्याच वर्षी पोप सहावे पॉल मुंबईला येऊन गेले होते, आणि इतर धर्मांकडे आदराने पाहावे असे रोमची परिषद ठरवीत होती. द स्मेट मात्र त्या ठरावाची वाट पाहत बसले नव्हते. अण्णा असते तर म्हणाले असते, ‘पाद्री भाष्य वाचतो तो बाटवायलाच!’ संशय अनाठायी होता असेही नाही. पण ह्या माणसाने आचार्यांच्या वाक्यावाक्यावर जेवढा घाम गाळला, तेवढा आमच्यापैकी कितीजणांनी गाळला असेल?

त्या काळी आपल्याच विद्वानांना आचार्य हे शुद्ध बुद्धिवादी तत्त्वज्ञ म्हणून जगापुढे मिरवावेसे वाटत असे. द स्मेट म्हणाले, तसे नव्हे. आचार्यांची बुद्धी तलवारीसारखी खरी, पण ती श्रुतीच्या सेवेत आहे. श्रुतीचा अर्थ लावणे हेच त्यांचे मुख्य काम.

मला खरी गोडी लागली ती दुसऱ्या मुद्द्याची. निर्गुण याचे इंग्रजी भाषांतर ‘इम्पर्सनल’ असे रूढ झाले, आणि ते वाचून आपणही ब्रह्म म्हणजे विजेसारखी काहीतरी मुकी शक्ती असे समजू लागलो. द स्मेट यांचे म्हणणे, की ‘पर्सन’ म्हणजे हातपाय असलेला, आपल्यासारखाच लहानसा कोणी, हा अर्थ अलीकडचा. जुन्या ख्रिस्ती पंडितांच्या लेखी जो जाणतो, जो स्वतंत्र आहे, ज्याला आपल्या असण्यासाठी दुसऱ्याचा टेकू लागत नाही, तो ‘पर्सन’. या अर्थाने निर्गुण ब्रह्माइतके ‘पर्सनल’ दुसरे काहीच नाही! गुण नाहीत म्हणजे जाणीव नाही असे नव्हे. गुणांची मर्यादा नाही.

मराठीत हे सांगणे त्याहून अवघड. आपला ‘व्यक्ती’ हा शब्दच मुळी व्यक्त होण्यातून आलेला. गीतेच्या सातव्या अध्यायात अव्यक्ताला व्यक्तीत आलेले मानणाऱ्यांची गणना अजाणांत केली आहे. तेव्हा ब्रह्माला व्यक्ती म्हणणे बरे नाही. पण वस्तू म्हणणे त्याहून वाईट.

मग ब्रह्माविषयी बोलायचे कसे? तैत्तिरीय उपनिषदातली सत्य, ज्ञान आणि अनंत ही पदे आचार्य लक्षणेने घेतात, यावर द स्मेट यांचा फार भर. पैनगंगेवर आमचे शेत आहे असे आपण म्हणतो, म्हणून कोणी पाण्यात नांगर घालीत नाही. शब्द बोट दाखवतो, वस्तूला कवेत घेत नाही.

या वाटेने जाताना मी ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायातले ईक्षतीचे अधिकरण पुन्हा काढले. जगाचे कारण जड असू शकत नाही, कारण त्याने ‘पाहिले’ असे श्रुती सांगते. शरीरावाचून पाहणे कसे, अशी शंका काढून आचार्य सूर्याचा दाखला देतात: प्रकाशणे हा सूर्याचा स्वभाव, त्यासाठी त्याला बाहेरून काही आणावे लागत नाही. अण्णांच्या प्रतीत या पानावर त्यांनी पेन्सिलीने उभी रेघ ओढलेली होती.

आईला मी एवढेच सांगितले, की आचार्यांच्या मते ते पाहते, आणि डोळ्यांवाचून पाहते. ती म्हणाली, ‘मग यांना इतकी वर्षं काय झालं होतं सांगायला?’ आणि कामाला लागली.

तरी माझी एक तक्रार आहे. द स्मेट यांच्या शंकराचार्यांना मधूनमधून सेंट थॉमस अॅक्वायनसचा चेहरा येतो. जग ब्रह्मावर सर्वस्वी अवलंबून, ब्रह्म जगावर मुळीच नाही, हे त्यांनी सुरेख मांडले. पण परंपरेने उपाधीची जी बारकाई जपली, ती त्यांच्या हातून जराशी सैल होते. जाणणारा तो ईश्वरच, निर्गुण नव्हे, असे मानणारा अद्वैती त्यांच्या युक्तिवादाने गप्प बसेल, असे मला वाटत नाही.

द स्मेट १९९७ साली वारले. प्रबंधाच्या प्रती अभ्यासकांत हातोहात फिरत राहिल्या. विखुरलेले लेख इव्हो कोएलो यांनी पुढे गोळा केले. ‘ब्रह्मन अँड पर्सन’ २०१० साली निघाले, आणि आचार्यांवरच्या लेखांचा संग्रह २०१३ साली. पहिले पुस्तक मी आमच्या एका कट्टर अद्वैती स्नेह्यांना वाचायला दिले आहे. दर एकादशीला ते बालाजीच्या देवळाबाहेर भेटतात, उपाधीवरून तासभर भांडतात, आणि पुस्तक अजून अर्धे राहिले आहे म्हणून सांगतात.