आईचा वाडा

वाचकहो, आपण कधी कन्याकुमारीहून तिरुवनंतपुरमकडे निघालात, तर वाटेत तक्कलै गावाजवळ अवश्य उतरावे. तेथे पद्मनाभपुरम् हा त्रावणकोरच्या राजांचा जुना लाकडी राजवाडा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ही भूमी आजच्या तमिळनाडूकडे गेली. राजवाड्याची देखभाल मात्र केरळ सरकारकडेच राहिली.

राजवाड्याचा सर्वांत जुना भाग सोळाव्या शतकातला आहे. त्याचे नाव तायकोट्टारम्, म्हणजे आईचा वाडा. मधोमध उघडा चौक, सभोवार उतरती छपरे, आणि फणसाच्या एकाच लाकडातून कोरून काढलेला सुरेख खांब. कोकणातून आलेल्या प्रवाशाला हे सारे परिचित वाटेल. परंतु अशा घरात नांदणारे कुटुंब मात्र आपल्या ओळखीचे नव्हते.

येथील राजघराण्यात आणि नायर समाजात कुटुंब आईच्या बाजूने मोजले जाई. एका मूळ स्त्रीची मुले, मुली आणि त्या मुलींची संतती मिळून 'तरवाड' होई. कारभार पाही तो बहुधा वडीलधारा मामा. त्याला 'कारणवर' म्हणत. पती पत्नीच्या घरी येई तो पाहुणा म्हणून. त्याचा वारसा त्याच्या मुलांना नव्हे, तर बहिणीच्या मुलांना मिळे. राजगादीलाही हाच नियम होता. १७२९ साली मार्तंड वर्मा गादीवर आले ते मामांच्या पश्चात. मामांच्या पुत्रांनी हक्क सांगितला, मोठा संघर्ष झाला. अखेर भाच्याचीच सरशी झाली.

आपल्या घरांत सासर आणि माहेर या दोन शब्दांभोवती स्त्रीचे सारे आयुष्य फिरते. या घरात ती जोडीच नव्हती. कन्या सहसा जन्मघर सोडून जात नसे.

मग काळ पालटला. शिक्षण आले, नोकऱ्या आल्या. स्वतः मिळवता झालेला पिता आपली मिळकत आपल्याच मुलांना मिळावी असे म्हणू लागला. कारणवराच्या अनिर्बंध सत्तेला तरुण मंडळी कंटाळली. १९२५ च्या त्रावणकोर नायर कायद्याने तरवाडाच्या वाटणीची वाट मोकळी झाली. १९३३ मध्ये मलबारसाठीही तसाच कायदा आला. १९७६ साली केरळात एकत्र कुटुंबपद्धती कायद्यानेच संपुष्टात आली. पती, पत्नी आणि मुले एवढेच आता कुटुंब झाले.

मुलांना हक्काचा पिता लाभला, हे मोठेच. पण जन्मघराचा जो आधार लेकीला निर्विवाद होता, तो वाटणीत विरला, हेही विसरता येत नाही.

पुढे, कौतुकाची गोष्ट अशी की, आपल्याकडील प्रवाह उलट दिशेने वळू लागला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ साली केली, आणि २००५ साली ती साऱ्या देशासाठी झाली. कायद्याच्या दृष्टीने लग्न होऊन गेलेली लेकही आता त्या घराची भागीदार आहे.

आईच्या वाड्यातील त्या चौकात क्षणभर उभे राहा. आपल्या घरच्या माणसांची नावे मनात मोजा, आणि ती मोजताना लग्न झालेल्या लेकीचे नाव आपल्या ओठांवर आपोआप येते का, ते पाहा.