एप्रिलमधलं विद्यापीठ

गुढीपाडवा उलटला की विद्यापीठांत एक परिपत्रक हमखास फिरतं. प्रेरणादायी व्याख्यान ठेवलेलं असतं, उपस्थिती अनिवार्य असते. व्याख्याते एव्हरेस्ट चढलेल्या माणसांचे दाखले देतात आणि मागच्या रांगेतली मुलं मांडीवर जर्नल घेऊन आकृत्या पुऱ्या करतात. मला त्या मुलांचंच जास्त पटतं. त्यांचं उद्या सबमिशन असतं.

वर्षअखेरीच्या थकव्याची चर्चा होते ती विद्यार्थ्यांपुरती. परीक्षा विभागाच्या खिडकीमागे बसणाऱ्याचं काय? हॉल तिकिटावर आईचं नाव चुकलंय, विषयाचा कोड चुकलाय, म्हणून येणारा प्रत्येकजण रागावलेलाच असतो. मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशीपार गेलेला. प्राध्यापक सकाळी सुपरव्हिजन करून दुपारी कॅप सेंटरवर गठ्ठ्यापुढे बसतात. पन्नासावी उत्तरपत्रिका पहिलीइतक्याच न्यायाने तपासायची असते. सगळ्यांत अवघड स्थिती तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची. तास संपले की मानधन संपलं, आधीची बिलं अडकलेली, जूननंतर पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. तरी अंतर्गत गुण भरायला हाक यांनाच. त्यांना ‘विद्यार्थ्यांचं मनोबल वाढवा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मी शिकलो पुणे विद्यापीठात. गणेशखिंडीतली ती मुख्य इमारत मूळची मुंबईच्या गव्हर्नरची. पण ते राहायला यायचे पावसाळ्यात, एप्रिल-मे महाबळेश्वरी. उन्हाळा आमच्या वाट्याला आला तो १९४९ मध्ये विद्यापीठ निघाल्यावर! पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्याच नावाच्या ग्रंथालयातली अभ्यासिका हे आमचं एप्रिलमधलं घर. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं सकाळी बागेत पाणी घालायची, कार्यालयांत नोंदी करायची आणि मग अभ्यासाला यायची. श्रम करून शिकण्याची ही वाट भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे कधीच घालून दिली होती. त्या पैशांवर मेसचं बिल भागायचं. परीक्षेच्या दिवसांत कुणी आमची पाठ थोपटल्याचं मला फारसं आठवत नाही. अभ्यासिका उघडी असायची, दिवे चालू असायचे आणि रोजचा चेहरा चार दिवस दिसला नाही तर तिथले शिपाईमामा चौकशी करायचे. तेवढ्यावर आमचं निभलं.

याच्या उलट काय होतं, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवलं. १८५७ सालचं जुनं, मानाचं विद्यापीठ. सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या असा निर्णय पुरेशी तयारी नसताना घेतला गेला. निकाल लांबत गेले, पुढच्या प्रवेशांच्या तारखा डोक्यावर आल्या, कुलपतींनी दिलेली मुदतही उलटली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंनाच जावं लागलं. त्या वर्षी तिथल्या विद्यार्थ्यांना प्रेरणा कमी पडली होती, असं कुणी म्हणेल का? त्यांना निकाल हवा होता, वेळेवर.

निकालाइतकाच, किंबहुना जास्त, मला मेसचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्यावर कुठल्याच बैठकीत कुणी बोलत नाही. बी.ए., बी.कॉम.ची मुलं पेपर संपवून गावी जातात. खाडे वाढतात, ताटं कमी होतात, कंत्राटदाराला परवडेनासं होतं आणि एक दिवस फाटकावर ‘मेस बंद’ची पाटी लागते. मागे उरतात ते प्रात्यक्षिकवाले, तोंडी परीक्षावाले, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिणारे. वर्षातला सर्वांत कठीण पंधरवडा ही मुलं वडापावावर काढतात. आमच्याकडे एका वर्षी रेक्टर मॅडमनी मुला-मुलींच्या दोन मेस मिळून एक केली, कंत्राटदाराशी घासाघीस करून शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत ती चालवली. नियमात बसत नाही म्हणून फाईलवर शेरे आले. मॅडमनी त्यांना उत्तरं लिहिली आणि मेस चालूच ठेवली. त्या उन्हाळ्यात वसतिगृहात रात्री बारालाही कुणीतरी कुणाला गणित समजावत बसलेलं दिसायचं. पोट भरलेलं असलं की माणसं एकमेकांसाठी वेळ काढतात.

व्याख्यानांना माझा सरसकट विरोध नाही. जूनमध्ये जरूर ठेवा, तेव्हा ऐकायला उसंत असते. एप्रिलमध्ये मात्र जाहीर केलेलं वेळापत्रक बदलू नका आणि मार्गदर्शकाकडे पडलेलं प्रकरण शेऱ्यांसह परत जाऊ द्या. कुलगुरू आणि प्राचार्य मंडळींना माझी विनंती आहे: यंदा व्याख्यात्याच्या मानधनाची रक्कम शेवटच्या पेपरापर्यंत मेस चालवायला द्या, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची थकलेली बिलं परीक्षा सुरू होण्याआधी काढा.